पंचवीस गिन्या आणि टपाल तिकिटाएवढं चित्र: ब्रिटनमधले पहिले टीव्ही घेतले तरी कुणी?

मीठभाकर (धागाकर्ती) – शनिवार, रात्री ९:४०

गेल्या रविवारी सासऱ्यांना घेऊन ब्रॅडफर्डच्या विज्ञान आणि माध्यम संग्रहालयात गेले होते. आम्ही लीड्सला राहतो, त्यामुळे तसं जवळच आहे. बाबांनी (म्हणजे सासऱ्यांनी) सांगलीत चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. मला वाटलं तासाभरात बघून होईल. पण एका काचेपाशी ते जे उभे राहिले ते हलेचनात.

आत एक तपकिरी रंगाची पत्र्याची पेटी होती. डावीकडे मोठा गोल फुगवटा, उजवीकडे छोटी खिडकी, तिच्यावर भिंग आणि खाली फिरवायची बटणं. पडदा म्हणावा असं काहीच नाही. नाव बेअर्ड टेलिव्हायजर (जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकाच्या कंपनीचा), साल १९३०. बाबा म्हणाले, "अगं, हा टीव्ही नाही, हा पंखा आहे. आत चकती फिरते."

घरी येऊन वाचत बसले. किंमत पंचवीस गिन्या. चित्र इतकं लहान की भिंगातून बघायचं, तेही केशरी-काळं. एका वेळी एक-दोन माणसांनाच दिसणार. तरी असे सुमारे हजार संच बनले! तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. एवढे पैसे मोजून हे घेतलं कुणी आणि कशासाठी? दुसरं असं की ब्रिटनमध्ये लोकांना विकलेला "पहिला टीव्ही" याला म्हणायचं की १९३६ च्या संचांना? बाबांचं आणि माझं यावर एकमत नाही. जाणकारांनी लिहावं.

---

गुळपोळी – शनिवार, रात्री १०:०५

वाचतेय. पडदा नाही तर चित्र उमटायचं कशावर? मला मुळापासून समजून घ्यायचंय.

---

काटकोन – शनिवार, रात्री १०:५२

@गुळपोळी, सांगतो.

एक मोठी पातळ चकती घ्या. तिच्या कडेला तीस बारीक भोकं, पण वर्तुळात नाही. प्रत्येक भोक आधीच्या भोकापेक्षा केंद्राच्या जरासं जवळ, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी रांग. चकती फिरली की पहिलं भोक खिडकीसमोरून एक उभी रेघ ओढत जातं, दुसरं तिच्या शेजारची रेघ ओढतं. तिसाव्या भोकापर्यंत खिडकीचा सगळा भाग झाडून होतो. चकतीमागे निऑनचा दिवा. येणाऱ्या संदेशाप्रमाणे तो लखलखतो, मंदावतो. डोळ्याला सुट्या ठिपक्यांऐवजी अख्खं चित्र दिसतं. निऑनचा उजेडच केशरी, म्हणून चित्र केशरी.

या चकतीची कल्पना बेअर्डची नव्हे. जर्मनीच्या पॉल निपकोवने १८८४ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण त्या काळी संदेश वाढवायला व्हॉल्व (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) नव्हते, त्यामुळे कल्पना कागदावरच राहिली.

टेलिव्हायजरची चकती वीस इंची. आता हिशोब करा. भोकं मध्यापासून साडेनऊ इंचांवर धरली तर घेर साठेक इंच. भागिले तीस म्हणजे दोन भोकांत दोन इंच. चित्राची उंची यापेक्षा जास्त होऊच शकत नाही, नाहीतर एकाच वेळी दोन भोकं खिडकीत येतील. रुंदी उंचीच्या तीन सप्तमांश, म्हणजे इंचापेक्षाही कमी. चित्र दुप्पट उंच हवं तर चकती चाळीस इंची करावी लागेल. म्हणून भिंग लावलं.

---

रानवारा – शनिवार, रात्री ११:२०

गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड). पंचवीस गिन्या म्हणजे २६ पौंड ५ शिलिंग. १९३० च्या आसपास साध्या कामगाराला आठवड्याला तीनेक पौंड मिळायचे. म्हणजे दोन महिन्यांची सगळी कमाई.

आणि हे लक्षात घ्या की टेलिव्हायजर स्वतः काहीच पकडत नव्हता. तो फक्त दाखवायचा. संदेश पकडायला चांगला दणकट रेडिओ वेगळा लागायचा. आवाजही ऐकायचा असेल तर दुसरा रेडिओ, कारण चित्र एका लहरीवर आणि आवाज दुसऱ्या लहरीवर. तेव्हा "पंचवीस गिन्या" हा आकडा अर्धाच आहे.

---

सुमेधा_क – रविवार, सकाळी ७:३०

आमच्याकडे नव्या फोनसोबत चार्जर मिळत नाही म्हणून लोक चिडतात. इथे टीव्हीसोबत रेडिओ मिळत नव्हता, तोही एक नाही तर दोन :)

---

जुना_व्हॉल्व – रविवार, सकाळी ९:१५

धागाकर्तीच्या सासऱ्यांचं मत काय ते माहीत नाही, पण माझं मत स्पष्ट आहे. टेलिव्हायजरला टीव्ही म्हणणं म्हणजे पतंगाला विमान म्हणणं. खरा पहिला टीव्ही १९३६ चा.

२ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली. सुरुवातीला दोन पद्धती आलटून पालटून, एक आठवडा बेअर्डच्या २४० रेषा, एक आठवडा मार्कोनी-ईएमआय कंपनीच्या ४०५ रेषा. (रेषा जितक्या जास्त, तितकं चित्र बारीक.) बेअर्डच्या पद्धतीत स्टुडिओतला कार्यक्रम आधी फिल्मवर टिपायचे, ती फिल्म तिथेच मिनिटभरात रसायनातून धुवून काढायचे आणि ओलीच असताना तिच्यावरून चित्र वाचायचे. त्या रसायनात सायनाइड असायचं. कॅमेरा हलवता येत नव्हता. दुसरीकडे ईएमआयचा एमिट्रॉन कॅमेरा, सगळा इलेक्ट्रॉनिक, कुठेही न्या. तीन महिन्यांत निकाल लागला. फेब्रुवारी १९३७ पासून फक्त ४०५ रेषा.

आता संच. मार्कोनीफोनचा ७०२, एचएमव्हीचा ९०१, किंमत पंच्याण्णव गिन्या. त्याच सुमारास फोर्डची चार माणसांची मॉडेल वाय गाडी शंभर पौंडांना मिळत होती. पंच्याण्णव गिन्या म्हणजे ९९ पौंड १५ शिलिंग. म्हणजे दारात गाडी की घरात टीव्ही, असा सरळ सवाल होता. पण पैसे मोजले की पिक्चर ट्यूबवर दहा बाय आठ इंचांचं चित्र मिळायचं आणि घरातले चार जण बसून बघायचे. याला म्हणतात टीव्ही.

---

काटकोन – रविवार, सकाळी १०:४०

@जुना_व्हॉल्व, पतंगाची उपमा मान्य नाही. पतंगात माणूस बसत नाही. टेलिव्हायजरवर मात्र लोकांनी घरात बसून, दूरवर त्याच क्षणी घडणारं नाटक बघितलं, १४ जुलै १९३० ला. टीव्हीची व्याख्या रेषा मोजून करायची असेल तर मग ४०५ रेषांचा तरी टीव्ही कसा? आज हजाराच्या वर रेषा आहेत.

प्रश्न "चांगला टीव्ही कोणता" हा नाही. "लोकांना विकलेला पहिला कोणता" हा आहे. त्या हिशोबाने तर १९३० च्याही मागे जावं लागेल. १९२८ मध्येच लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातल्या रेडिओ प्रदर्शनात बेअर्ड कंपनीने संच विक्रीला मांडले होते.

---

जुना_व्हॉल्व – रविवार, सकाळी १०:५८

मांडले होते, कबूल. पण त्यावर बघणार काय होते? बीबीसीच्या केंद्रावरून बेअर्डचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं ३० सप्टेंबर १९२९ ला. वर्षभर रिकाम्या खिडकीकडे बघायचं?

---

हरिश्चंद्रगड – रविवार, दुपारी १२:१०

दोघांचंही पटतंय. काटकोनना +१, जुना व्हॉल्वनाही +१.

---

तांबडमाती – रविवार, दुपारी ३:३५

मी हे यंत्र स्वतः बनवलंय. त्यामुळे जरा लांबण लावतो.

लॉकडाऊनमध्ये वेळ होता. मूळ वीस इंची चकती घरात मावणार नव्हती, म्हणून एक फुटी घेतली. अर्धा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा गोल कापून आणला. तीस भोकं म्हणजे दर बारा अंशांना एक. वर काटकोननी सांगितलाय तोच हिशोब केला. चित्राची उंची आली जेमतेम तीन सेंटिमीटर, रुंदी सव्वा. सव्वा सेंटिमीटरात तीस रेघा बसवायच्या म्हणजे प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा साधारण ०.४ मिलिमीटर आत सरकवायचं. भोकही तेवढंच. सर्किट बोर्डाला भोकं पाडायची ०.४ ची ड्रिल वापरली.  हात जरा तिरका झाला की कट्. अकरा ड्रिल मोडल्या.

पहिली चकती फुकट गेली. सातवं भोक कणभर बाहेर पडलं होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, बोटाला लागत नव्हतं. पण चकती फिरवली तेव्हा खिडकीत एक काळी उभी चीर आणि तिच्या शेजारी एक झगझगीत रेघ. चकती खोटं बोलत नाही, जिथे चुकलात तिथे बोट ठेवते. दुसऱ्या चकतीला आधी कागदावर कोन छापून घेतले, तो कागद पत्र्यावर चिकटवला आणि मगच ड्रिल लावली. ती जमली. मग तिला काळा मॅट रंग दिला, नाहीतर पत्र्याची चमक डोळ्यात येते.

निऑनऐवजी केशरी एलईडींची पट्टी, तिच्यापुढे ट्रेसिंग पेपर. मोटर जुन्या प्रिंटरची. वेग मिनिटाला ७५० फेरे, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रं. आणि संदेश कुठून? लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून! तीस रेषांच्या चित्रात इतकी थोडी माहिती असते की ती आवाजाच्या पट्टीत मावते. म्हणूनच बीबीसी ती साध्या मध्यम लहरीवरून पाठवू शकली. साध्या रेडिओवर ते केंद्र लावलं की नुसती घरघर ऐकू यायची. मी स्पीकरला लावून ऐकलंय. चेहरा हलला की घरघरीचा सूर बदलतो.

सगळ्यात अवघड काम वेग सांभाळणं. मोटर कणभर जलद झाली की चित्र तिरकं होऊन वाहून जातं. मी आसाला बोटाने हलकेच दाबून धरत होतो. टेलिव्हायजरमध्ये यासाठी तीस दात्यांचं चाक विद्युतचुंबकांमध्ये फिरायचं, चित्राच्याच संदेशातून मिळणारे ठोके त्या दात्यांना ओढून वेळेवर आणायचे. सेकंदाला ३७५ ठोके, तीस गुणिले साडेबारा.

पहिलं चित्र आईच्या चेहऱ्याचं लावलं. फोनवर तिचं बोलतानाचं चित्रीकरण केलं, संगणकावर त्याच्या तीस उभ्या पट्ट्या पाडून त्याचा आवाज करून घेतला. खोलीत अंधार केला. आधी नुसता केशरी गोळा, डोळ्यांच्या जागी दोन डाग. कोण आहे कळेना. मग तिने मान वळवली आणि पदर सारखा केला, तेवढ्या हालचालीत चेहरा सगळा जागेवर आला. आईच! आई माझ्यामागेच उभी होती. म्हणाली, "मी आहे होय ती?" आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

@मीठभाकर, घेतलं कुणी याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं असं वाटतं. चित्र किती मोठं याचा विचार मनात आलाच नाही.

---

गुळपोळी – रविवार, दुपारी ४:०२

दंडवत घ्या. वाचनखूण साठवली आहे.

---

सुमेधा_क – रविवार, दुपारी ४:२०

तांबडमाती, फारच सुंदर. पदर सारखा केल्यावर चेहरा दिसला हे वाचून अंगावर काटा आला.

एक शंका. चित्र आणि आवाज दोन लहरींवर असं रानवारा म्हणाले. पण सुरुवातीला दोन प्रक्षेपक होते का?

---

रानवारा – रविवार, संध्याकाळी ५:४५

@सुमेधा_क, नव्हते, बरोबर पकडलंत. सुरुवातीला एकाच लहरीवर आधी दोन मिनिटं चित्र, मग दोन मिनिटं त्याच माणसाचा आवाज. गाणारी बाई आधी मुक्याने ओठ हलवताना दिसायची, मग अंधारात तिचं गाणं ऐकू यायचं. मार्च १९३० अखेर लंडनजवळच्या ब्रुकमन्स पार्क केंद्राच्या दोन प्रक्षेपकांवरून दोन्ही एकत्र सुरू झालं. त्याच वेळी पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या १० डाउनिंग स्ट्रीटच्या घरी एक टेलिव्हायजर बसवला गेला. आणि याच सुमारास तो प्लेसी कंपनीने बनवलेला पत्र्याचा संच बाजारात आला. माझ्या मते "पहिला" ठरवायचा तर हाच क्षण. संच दुकानात, चित्र-आवाज एकत्र, आणि ठरलेल्या वेळी कार्यक्रम.

वेळही ऐका. १९३२ मध्ये बीबीसीने कार्यक्रम स्वतःच्या हाती घेतले, तेव्हा ते रात्री अकरानंतर असायचे, कारण रेडिओचे श्रोते झोपल्यावरच लहर रिकामी व्हायची. कलाकारांच्या चेहऱ्याला पांढरा रंग, ओठ-भुवया-नाकाच्या कडा गडद काढलेल्या. त्याशिवाय तीस रेषांत नाक कुठे आणि गाल कुठे हे समजायचं नाही.

---

चाळकरी – रविवार, रात्री ८:१०

अवांतर: २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे टीव्ही आला. लाकडी कपाटाचा, सरकत्या शटरचा, चार पायांवर उभा. काकू संध्याकाळी शटर उघडण्याआधी उदबत्ती लावायच्या. पंचवीस-तीस पोरं सतरंजीवर, मोठी माणसं दारात, गॅलरीत.

---

हरिश्चंद्रगड – रविवार, रात्री ८:२५

आमच्याकडे पुण्यात सिंहगडावरून चित्र यायचं. गच्चीवर चढून "आलं का? आलं का?" हे मीच ओरडायचो.

---

सुमेधा_क – रविवार, रात्री ८:३०

आणि खालून "गेलं! गेलं! होतं तसं कर!" :)

---

मीठभाकर – रविवार, रात्री ९:००

चाळकरीदादा, या आठवणींवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे मात्र ब्रिटनवर परत येऊ या. बाबा शेजारी बसून सगळे प्रतिसाद वाचून घेतायत. ते जुना व्हॉल्व यांच्या बाजूचे आहेत. त्यांचा प्रश्न: १९३६ च्या संचात झाकणाला आरसा कशाला?

---

जुना_व्हॉल्व – रविवार, रात्री १०:१५

बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न कारागिराचाच आहे.

त्या काळची पिक्चर ट्यूब भलतीच लांब असायची, कारण इलेक्ट्रॉनांचा झोत फार वळवता येत नसे. आडवी ठेवली तर कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलं असतं. म्हणून ट्यूब कपाटात उभी, तोंड छताकडे. वरचं झाकण अर्धवट उघडायचं, आतल्या बाजूला आरसा, आणि आरशात चित्र बघायचं. आरशात डावं-उजवं उलटतं, म्हणून ट्यूबवर चित्र मुळातच उलटं काढायचे. झाकण मिटलं की दिवाणखान्यात नुसतं छान पॉलिश केलेलं कपाट.

बाबांना आणखी एक सांगा, त्यांना कळेल. ट्यूबला लागणारे काही हजार व्होल्ट थेट घरच्या विजेवरच्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेले असायचे. आपल्या काळातल्या टीव्हीच्या झटक्याने माणूस मागे फेकला जायचा आणि दोन शिव्या देऊन कामाला लागायचा. इथे तसं नाही. बोट लागलं तर माणूस परत उठत नाही. असे संच आज दुरुस्त करणारे एक हात खिशात ठेवून काम करतात.

---

मीठभाकर – रविवार, रात्री १०:३२

बाबा म्हणतात, "एक हात खिशात, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं." आणि आता ते झोपायला तयार नाहीत.

---

काटकोन – सोमवार, सकाळी ८:०५

जुना व्हॉल्वनी सांगितलं त्यात एक बाजू राहिली. हे पंच्याण्णव गिन्यांचं कपाट लंडनबाहेर फारसं चालत नव्हतं. लहर ४५ मेगाहर्ट्झची, पल्ला अलेक्झांड्रा पॅलेसपासून पंचवीस-तीस मैलांचा, दैव बरं असेल तर थोडा जास्त. याउलट तीस रेषांचं चित्र मध्यम लहरीवर होतं आणि मध्यम लहर रात्री दूरवर जाते. स्कॉटलंडमधला एखादा शाळामास्तर १९३३ मध्ये टीव्ही बघू शकत होता. १९३६ मध्ये तो बघू शकत नव्हता. त्याच्यासाठी टीव्ही मागे गेला. लंडनबाहेरचं पहिलं केंद्र, बर्मिंगहॅमजवळचं सटन कोल्डफील्ड, उघडायला १७ डिसेंबर १९४९ उजाडला.

---

रानवारा – सोमवार, सकाळी ९:४०

काटकोन, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याच्याच पुढचं मला फार लागतं. तीस रेषांचं प्रक्षेपण ११ सप्टेंबर १९३५ ला बंद झालं. टेलिव्हायजर मोडले नाहीत, मोटर जळल्या नाहीत. चकती फिरत होती, दिवा पेटत होता, पण येणारं चित्रच थांबलं. पाच वर्षांपूर्वी दोन महिन्यांची कमाई घालून घेतलेली वस्तू एका रात्रीत मुकी झाली. उलट ४०५ रेषा ब्रिटनमध्ये जानेवारी १९८५ पर्यंत चालल्या.

---

गुळपोळी – सोमवार, सकाळी १०:१०

आणि बेअर्ड? त्यांचं पुढे काय झालं?

---

रानवारा – सोमवार, सकाळी ११:३०

@गुळपोळी, १९२३-२४ मध्ये हेस्टिंग्जला भाड्याच्या खोलीत चहाचं खोकं, बिस्किटाचा डबा, शिवणाच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं आणि लाख असं सामान जोडून त्यांनी सुरुवात केली. १९२५ मध्ये लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात गिऱ्हाइकांना सावल्यांसारख्या आकृत्या दाखवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोहोच्या फ्रिथ स्ट्रीटवर बाहुलीचं डोकं स्पष्ट दिसलं, तेव्हा ते धावत खाली गेले आणि कचेरीतल्या विल्यम टेंटन या पोऱ्याला वर ओढून आणलं. दिव्यांच्या उष्णतेने पोरगं मागे सरकलं, चित्र गेलं. मग त्याच्या हातावर अर्धा क्राउन (अडीच शिलिंगांचं नाणं) ठेवून त्याला पुन्हा उभं केलं. टीव्हीवर दिसलेल्या पहिल्या माणसाला पहिल्या दिवशीच मानधन मिळालं म्हणायचं.

३० नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीला आग लागली आणि त्यांच्या कंपनीची तिथली प्रयोगशाळा जळाली. दोनच महिन्यांत बीबीसीने त्यांची पद्धत सोडली. १४ जून १९४६ ला ते वारले, वय सत्तावन्न.

---

जुना_व्हॉल्व – सोमवार, दुपारी १:२०

बेअर्डबद्दल मलाही आदर आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण दुसऱ्या बाजूच्या माणसांची नावं कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. ईएमआयमध्ये आयझॅक शोनबर्ग यांच्या हाताखाली ॲलन ब्लमलाइन होते. ४०५ रेषांच्या पद्धतीत त्यांचा मोठा वाटा. १ सप्टेंबर १९३९ ला युद्धाच्या तोंडावर टीव्ही बंद केला गेला. तेव्हा देशभरात वीस हजारांच्या आसपास संच होते, आणि किंमत उतरून तीस गिन्यांच्या आतही संच मिळू लागले होते. प्रक्षेपकाच्या लहरीवरून शत्रूच्या विमानांना वाट सापडेल ही भीती, आणि टीव्हीचे इंजिनिअर रडारला हवे होते. टीव्हीसाठी बनलेलं पाय कंपनीचं ४५ मेगाहर्ट्झचं सर्किट तसंच्या तसं विमानातल्या रडारमध्ये गेलं. ब्लमलाइनही रडारवरच काम करत होते. ७ जून १९४२ ला चाचणीच्या उड्डाणात विमान कोसळून ते गेले. वय अडतीस.

बरोबर चार वर्षांनी, ७ जून १९४६ ला टीव्ही परत सुरू झाला. आणि रानवारांनी वर दिलेली बेअर्डच्या मृत्यूची तारीख बघा. त्यानंतर एकाच आठवड्याची.

---

हरिश्चंद्रगड – सोमवार, दुपारी १:४५

हे माहीत नव्हतं. सुन्न.

---

मीठभाकर – मंगळवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. बाबांनी दोन दिवस विचार करून मत थोडं बदललंय. ते सांगतायत, मी लिहितेय:

"दुकानात माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. एकाला क्रिकेट बघायचं असायचं. दुसरा विचारायचा, मास्तर, हे आत कसं होतं, उघडून दाखवा की. तो ३६ सालचा संच पहिल्या गिऱ्हाइकाचा आहे. ती चकतीची पेटी दुसऱ्याची. पेटी आधी आली, कारण दुसऱ्या गिऱ्हाइकाला चित्र लहान असलं तरी चालतं."

मला हे पटलंय. १९२८ पासून टेलिव्हिजन या विषयाला वाहिलेलं मासिक तिथे निघत होतं, वाचून घरी चकत्या जोडणारे होते. तयार पेटी घेणारेही बहुधा त्यातलेच.

---

तांबडमाती – बुधवार, रात्री ११:५०

बाबांना साष्टांग. त्यांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा एक खरा नमुना सांगतो.

एप्रिल १९३३ मध्ये बीबीसीने तीस रेषांवर एक नाचगाण्याचा कार्यक्रम केला. एका हौशी माणसाने तो घरी पकडला आणि घरगुती यंत्रावर ॲल्युमिनियमच्या तबकडीवर कोरून ठेवला. चित्र आवाजाच्या पट्टीत मावत होतं म्हणून ते गाण्याच्या तबकडीवर घेता आलं. बीबीसीने असले कार्यक्रम जपून ठेवलेले नाहीत. कित्येक वर्षांनी ती तबकडी सापडली आणि डोनाल्ड मॅक्लीन या ब्रिटिश इंजिनिअरने संगणकावर तिच्यातून चित्र सोडवून काढलं. चारेक मिनिटांचं आहे.

हा धागा वाचून काल रात्री मी ते चित्र पुन्हा तीस पट्ट्यांत पाडलं आणि माळ्यावरची चकती काढून पुसली. मोटरला तेल दिलं. अकरा वाजून गेल्यावरच लावलं, त्यांच्या वेळेला. आई जागी होती, तिला बोलावलं. तीन सेंटिमीटरच्या केशरी खिडकीत मुली ओळीने आल्या, पाय उडवत, एकीमागून एक, आणि बाजूला गेल्या. चेहरे काही दिसत नाहीत, पण नाच दिसतो. आईने विचारलं, "किती वर्षांच्या गं या पोरी?" बायको म्हणाली, नव्वद वर्षांपूर्वीच्या आहेत. आई म्हणाली, "अजून एकदा लाव."